वाचक विचारतात : मोटर जळते काऊन?

एप्रिल लागला की या सदराचं टपाल बदलतं. थंडीत गिझर, पावसाळ्यात भिंतीला उतरणारा करंट, आणि आता पाकीट न फोडताही सांगता येतं की निम्म्या पत्रांत कूलर असणार. पारा ४५ च्या पुढे सरकला की नागपूरचा माणूस आधी कूलरच्या ताट्या (पाणी झिरपवणाऱ्या बाजूच्या जाळ्या) बघतो, मग मोटर, मग मीटर.

या खेपेच्या पत्रांत एक गंमत होती. सूत्र सगळ्यांना येतं. व्होल्टला अँपिअरने भागलं की ओहम, व्होल्टला अँपिअरने गुणलं की वॅट. लोकांनी आकडे मीटरने मोजले, हिशेबही बरोबर केला आणि उत्तर मात्र भलतंच निघालं. गांधीबागेत वडिलांनी थाटलेल्या दुकानात मी मोटरी भरते, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार गुंडाळते. तिथे येणारं गिऱ्हाईकही हेच घेऊन येतं. म्हणून या अंकात फक्त हाच विषय.

प्रश्न : काकू, पुस्तकात शक्तीची दोन सूत्रं आहेत (पी म्हणजे शक्ती, आय करंट, व्ही व्होल्टेज, आर रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा). पी = आय² × आर यावरून रोध वाढला की शक्ती वाढते. पी = व्ही² ÷ आर यावरून रोध वाढला की शक्ती कमी होते. सर म्हणाले दोन्ही बरोबर, आणि पुढच्या धड्यावर गेले. दोन्ही बरोबर कसं असेल?
(दहावीची विद्यार्थिनी, त्रिमूर्तीनगर)

दोन्ही बरोबरच आहेत बेटा, पण सरांनी आणखी पाच मिनिटं थांबायला हवं होतं. सूत्र उचलण्याआधी स्वतःला विचारायचं, इथे कायम काय राहतंय?

घरात कायम राहतं ते व्होल्टेज, २३० च्या आसपास. सगळी उपकरणं समांतर जोडणीत असतात, त्यामुळे प्रत्येकाला तेवढंच मिळतं. पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड घे. करंट १००० ÷ २३० म्हणजे ४.३५ अँपिअर, रोध २३० ÷ ४.३५ म्हणजे ५३ ओहम. आता १५०० वॅटचा घे. करंट ६.५ अँपिअर, रोध ३५ ओहम. जास्त वॅटच्या रॉडचा रोध कमी निघाला. हे व्ही² ÷ आर.

आता तोच १५०० चा रॉड एका ढिल्या सॉकेटमध्ये लाव. आतल्या पितळी पट्ट्या सैल झाल्यात, काळ्या पडल्यात, आणि तिथे समजा अर्धा ओहम रोध तयार झालाय. ३५ च्या पुढे अर्ध्याची काय पत्रास, करंट ६.५ च राहतो. पण हा सांधा रॉडशी एकसर जोडणीत आहे, तोच करंट त्यातूनही जातो. ६.५ × ६.५ × ०.५ म्हणजे २१ वॅट. सोल्डरिंगचं छोटं आयर्न साधारण तेवढ्याच वॅटचं असतं, आणि इथे ते तुझ्या सॉकेटच्या पोटात चालू आहे. सांधा जितका खराब तितका जास्त तापणार, आणि तापला की आणखी खराब होणार. हे आय² × आर. सॉकेट आधी पिवळं पडतं, मग खोलीत मासळीसारखा वास सुटतो आणि घरातले स्वयंपाकघरात शोधत बसतात.

परीक्षेत एवढंच लिही : समांतर जोडणीत विभवांतर समान, म्हणून व्ही² ÷ आर वापरून तुलना करावी, एकसर जोडणीत धारा समान, म्हणून आय² × आर. मार्क मिळतील.

प्रश्न : माळ्यावर जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब सापडला. सूत्राने रोध ५२९ ओहम निघतो, मल्टिमीटर ३८ दाखवतो. मीटर नवीन आहे. खोटं कोण बोलतंय?
(एक वाचक, महाल)

कोणीच नाही. तुम्ही मोजली ती थंड तार. सूत्राने काढला तो पेटलेल्या तारेचा रोध. बल्बची टंगस्टनची तार पेटल्यावर सुमारे २५०० अंश सेल्सिअसला पोचते आणि धातू तापला की त्याचा रोध वाढतो. तुमच्या बल्बचा जवळजवळ चौदा पट वाढला.

ओहमच्या नियमात 'तापमान व इतर भौतिक स्थिती कायम असताना' असे शब्द आहेत. आपण ते पाठ करतो आणि तिथेच सोडून देतो. १८२७ मध्ये नियम छापणाऱ्या ओहमला त्या शब्दांची किंमत ठाऊक होती. त्याच्या काळच्या बॅटऱ्या चालता चालता ढेपाळायच्या, म्हणून त्याने तांबं आणि बिस्मथ जोडून एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला आणि त्यातून मिळणाऱ्या इवल्याशा पण स्थिर व्होल्टेजवर प्रयोग केले. शाळामास्तर होता, चिकाटी होती.

३८ हा आकडाही वाया नाही. खटका दाबता क्षणी तार थंड असते, तेव्हा २३० ÷ ३८ म्हणजे ६ अँपिअर आत घुसतात, पेटल्यावर ०.४३ उरतात. जुना बल्ब बहुतेक वेळा खटका दाबतानाच का उडायचा ते यात आलं. रॉड, गिझर, इस्त्री यांची तार नायक्रोमची असते. तिचा रोध तापल्यावर काही टक्केच वाढतो. त्यामुळे रॉड मल्टिमीटरने थंड मोजला तरी वॅटचा अंदाज नीट लागतो.

बल्ब मात्र फेकू नका. आमच्या दुकानात असे बल्ब जपून ठेवलेत. लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट, आणि दोन्ही एकसर. याला आम्ही सिरीज बोर्ड म्हणतो. दुरुस्तीला आलेला पंखा थेट लाइनवर लावायचाच नाही, आधी बोर्डावर. पंखा धड असेल तर बल्ब मंद, तांबूस पेटतो. आत तारा चिकटल्या असतील तर लख्ख पेटतो, पण करंट ०.४३ च्या वर जाऊच शकत नाही, म्हणून ना फ्यूज उडत ना ठिणगी पडत. अजिबात पेटला नाही तर वाइंडिंग, म्हणजे आत गुंडाळलेली तार, कुठेतरी तुटलंय. तीन तासांची शोधाशोध त्या एका काचेत दिसते. फक्त बोर्डाची उघडी टोकं हातात धरू नका, तिथे पूर्ण २३० असतात.

प्रश्न : ताई, क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजतो तो) कूलरच्या मोटरचा करंट ०.९५ अँपिअर आणि व्होल्टेज २२५ मिळालं. गुणाकार २१४ वॅट, पाटीवर मात्र १८० वॅट. शिवाय प्लगच्या दोन पिनांमध्ये वाइंडिंग २८ ओहम दाखवते. मग २२५ ÷ २८ म्हणजे ८ अँपिअर यायला पाहिजे होते. सर 'पॉवर फॅक्टर' म्हणून मोकळे झाले.
(आयटीआयचा विद्यार्थी, हिंगणा रोड)

मोजमाप छान घेतलंस. दोन प्रश्न आहेत, आधी दुसरा घेते.

२८ ओहम हा नुसत्या तांब्याच्या तारेचा रोध. मल्टिमीटर आतल्या छोट्या सेलने डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा करंट, सोडून मोजतो. मोटरला मिळतो एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा करंट, सेकंदाला ५० आवर्तनं. तार लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर गुंडाळलेली असते. बदलत्या करंटमुळे बदलतं चुंबकत्व तयार होतं आणि ते त्याच तारेत उलट व्होल्टेज उभं करतं. लाइनचे २२५ आणि हे उलटे व्होल्ट यांच्या झोंबाझोंबीतून जो उरतो तो ०.९५ अँपिअर. म्हणून चालत्या मोटरसाठी २२५ ÷ ०.९५ म्हणजे २३७ ओहम हा आकडा खरा. त्याला इम्पीडन्स म्हणतात. मापाचं एकक ओहमच, पण तो मल्टिमीटरला दिसत नाही.

आता वॅट. वाइंडिंगमध्ये करंट व्होल्टेजच्या पावलात पाऊल टाकून चालत नाही, जरा मागे रेंगाळतो. त्यामुळे त्यातला काही भाग नुसता येतो आणि परत जातो, काम करत नाही. व्होल्ट गुणिले अँपिअर याला एसीमध्ये व्होल्ट-अँपिअर म्हणायचं. तुझे २१४ झाले ते हेच. खरे वॅट १८० असतील तर १८० ÷ २१४ म्हणजे ०.८४, आणि हाच पॉवर फॅक्टर.

पण 'असतील तर' का म्हटलं? पाटीवरचा आकडा म्हणजे देववाणी नव्हे. खरे वॅट मोजायला तुझ्या घरात एक चांगलं यंत्र टांगलेलं आहे, विजेचं मीटर. त्यावर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला किती लुकलुक ते वर छापलेलं असतं. समजा ३२०० आहे. घरातलं सगळं बंद कर, फ्रिजचा प्लगही काढ, फक्त कूलर चालू ठेव, पाण्याचा पंपही नको. पाच मिनिटं मोज. ४८ लुकलुक झाल्या तर तासाला ५७६, आणि ५७६ ÷ ३२०० म्हणजे ०.१८ युनिट तासाला. झाले १८० वॅट. ५५ झाल्या तर पाटी खोटी, मोटर २०६ वॅट खातेय. क्लॅम्प मीटरवर पैसे घालवण्याआधी प्रत्येकाने हे एकदा करून पाहावं. घरगुती बिल येतं ते याच युनिटांचं.

आणि २८ ओहम वहीत लिहून ठेव, सोन्यासारखा आकडा आहे. ०.९५ × ०.९५ × २८ म्हणजे साधारण २५ वॅट नुसते तांबं तापवण्यात जातात, हा ढोबळ हिशेब त्यातून निघतो. त्याहून मोठा उपयोग वेगळाच आहे. उद्या मोटर जळली आणि तू ती भरून आणलीस, तर घरी आल्यावर पुन्हा मोज. २० दाखवला तर वेढे कमी घातलेत किंवा आत एकमेकांना चिकटलेत. ४५ च्या आसपास दाखवला तर तांब्याच्या जागी त्याच जाडीची ॲल्युमिनियमची तार भरलीय. ॲल्युमिनियमचा रोध तांब्याच्या १.६ पट असतो. अर्ध्या पैशांत मोटर भरून मिळते तेव्हा हे मोजायला विसरू नये. माझ्या धंद्यातले काहीजण रागावतील, रागावू देत.

प्रश्न : आमच्याकडे रात्री व्होल्टेज १८५ पर्यंत उतरतं. ओहमच्या नियमाने व्होल्टेज कमी तर करंट कमी, म्हणजे मोटरला आराम. तरी अंगणातली अर्ध्या एचपीची पाण्याची मोटर दोनदा जळाली, मिस्त्री म्हणतो लो व्होल्टेज. मोटर जळते काऊन? आणि बिल तरी कमी यायला पाहिजे ना? मोटर बोर्डापासून ३० मीटरवर आहे, साध्या ०.७५ च्या वायरवर.
(एक वाचक, पारडी)

शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण खरी गोष्ट तिथेच आहे.

मोटर म्हणजे ठरलेल्या रोधाची वस्तू नाही हे वरच्या उत्तरात आलं. उलटं व्होल्टेज उभं राहतं ते बरंचसं ती फिरते म्हणून. सुरू होताना ती थांबलेली असते, तेव्हा अडवणारं फारसं काही नसतं. तुमची मोटर चालताना ३.५ अँपिअर घेत असेल तर उठताना २३० व्होल्टवर २० च्या घरात घेते. अर्ध्या-एक सेकंदाचं काम, एकदा वेग धरला की करंट उतरतो.

आता तुमची वायर. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०२६ ओहम. जाऊन येऊन ६० मीटर, म्हणजे १.५६ ओहम. बोर्डावर १८५ आहेत. मोटर उठायला लागली की १४ अँपिअर खेचते. १४ × १.५६ म्हणजे २२ व्होल्ट वायरमध्येच गळतात. मोटरच्या तोंडाशी उरले १६३. आणि मोटरचा उठायचा जोर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो : १६३ ÷ २३० चा वर्ग म्हणजे अर्धा. निम्म्या जोरात ती पाणी भरलेला पंप उचलणार कशी? ती 'हूं' करत जागेवर उभी राहते. एक सेकंद नाही, तुम्ही खटका बंद करेपर्यंत.

तुमचा ओहम इथेही खरा आहे, २० चे १४ झालेच. पण तुलना २० शी करायची नाही, चालतानाच्या ३.५ शी करायची. १४ म्हणजे चौपट, आणि उष्णता करंटच्या वर्गाने, म्हणजे सोळापट. वर शाफ्ट फिरत नाही म्हणून मोटरचा स्वतःचा पंखाही बंद. दोन-चार मिनिटांत वार्निश जळल्याचा वास येतो आणि मोटर आमच्या दुकानात.

कूलरच्या पंख्याला हे इतकं लागू नाही. वेग उतरला की हवेचा भारही उतरतो. पंख्याचा साधा रेग्युलेटर व्होल्टेजच कमी करत असतो, म्हणून पंखा जळतो का? भीती पाण्याच्या मोटरची आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरची, ज्यांना जड ओझं घेऊन उठायचं असतं.

तेव्हा स्टॅबिलायझर घेण्याआधी वायर बदला. २.५ ची टाकली तर तोच रोध ०.४८ ओहम होईल, वायरमध्ये २२ ऐवजी सात-साडेसात व्होल्ट जातील आणि उठायचा जोर अर्ध्यावरून साठ टक्क्यांवर येईल. मोटरचा कंडेन्सर (उठताना तिला जोर देणारा भाग) तपासून घ्या. तो मेला असेल तर पूर्ण २३० वरही मोटर नुसती गुरगुरेल. पाणी पहाटे चढवा, तेव्हा सगळ्या मोहल्ल्याचे कूलर एका ट्रान्सफॉर्मरवर ओढत नसतात. व्होल्टेज मोजायचं ते मोटरच्या टर्मिनलवर, ती उठत असताना, आणि माहीतगार माणसाकडून. बोर्डावरचा निवांत १८५ काही सांगत नाही. (मोटर टाकीवर आहे असं धरते. नळाला थेट टिल्लू, म्हणजे छोटा पंप, लावला असेल तर ते नियमात बसत नाही आणि शेजाऱ्याचं पाणी ओढलं जातं, ते वेगळं.)

बिलाचं : बादलीत २० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला जवळपास ०.७ युनिट लागतं. १५०० वॅटचा रॉड २३० वर ते २८ मिनिटांत करतो. १८५ वर त्याचे ९७० वॅटच होतात आणि ४३ मिनिटं लागतात. युनिट तेवढंच, उलट बादली जास्त वेळ उघडी म्हणून किंचित जास्तच.

प्रश्न : दीड टनाचा एसी आणि २००० वॅटचा गिझर १६ अँपिअरच्या एकाच एमसीबीवर चालेल का?
(मनीषनगर)

एमसीबी म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका. १६ × २३० म्हणजे ३६८० वॅट, आणि तुमची बेरीज ३६०० च्या आसपास. कागदावर बसतं म्हणूनच विचारलंत. करू नका. उन्हाने तापलेल्या स्लॅबमधल्या पाइपात वायर आधीच गरम असते आणि एमसीबी १७-१८ अँपिअरला लगेच पडतही नाही. दोघांना वेगळी वायर, वेगळा एमसीबी.

प्रश्न : ओल्या हाताने कूलरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. अर्थिंगचा खड्डा माझ्यासमोर खणला. एमसीबीही कधी पडत नाही. म्हणजे काळजीचं कारण नाही ना?
(एक वाचक, जरीपटका)

आहे. पत्र हातात पडताच हे उत्तर आधी लिहिलं, छापायला शेवटी आलं.

एमसीबीला पडायला १६ च्या वर अँपिअर लागतात. ओल्या माणसाच्या अंगाचा रोध हजार ओहम धरा. २३० ÷ १००० म्हणजे ०.२३ अँपिअर. माणूस मरायला हा करंट पुरून उरतो आणि एमसीबीला तो जाणवतही नाही. खड्ड्याचं म्हणाल तर उन्हाळ्यात माती सुकली की त्याचा रोध वाढतो. तो २० ओहम झाला आणि फेजची (करंट आणणारी) तार थेट पत्र्याला लागली, तर २३० ÷ २० म्हणजे ११.५ अँपिअर जमिनीत जातील. १६ चा एमसीबी तेव्हाही उभाच. पत्र्यावर पूर्ण करंट, आणि वर मातीत तासाला अडीच युनिटं. त्यासाठी आरसीसीबी लागतो, ३० मिलिअँपिअरचा. तो जाणारा आणि येणारा करंट ताडून पाहतो आणि फरक पडला की तोडतो. नसेल तर या आठवड्यात बसवून घ्या आणि त्यावरचं टेस्टचं बटण अधूनमधून दाबून पाहा.

पण तुम्हाला धक्का बसत नाही, झिणझिण्या येतात. यावरून मला दुसरीच शंका येते. ओल्या वाइंडिंगमधून पाझरणारा करंट काही मिलिअँपिअरचा असतो. अर्थची तार पत्र्याला खरोखर जोडलेली असती तर १० मिलिअँपिअर गुणिले २० ओहम म्हणजे ०.२ व्होल्ट, हाताला कळलंही नसतं. म्हणजे खड्डा आहे, पण त्याची तार कूलरपर्यंत पोचतच नाही. बहुतेक ठिकाणी दोन तारांची वायर आणि दोन पिनांचा प्लग असतो, किंवा तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची जाड पिन रिकामी.

प्लग सॉकेटमधून काढा. नुसता खटका बंद करून भागत नाही, कारण चुकून न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेला खटका बंद असला तरी फेज आत असतो. मग मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक प्लगच्या जाड पिनला आणि दुसरं कूलरच्या पत्र्यावर, रंग खरवडून. एक ओहमच्या आत आला तर कूलरची बाजू ठीक, दोष सॉकेटच्या मागे शोधा. काहीच दाखवलं नाही तर तीन तारांची वायर घाला आणि हिरवी तार पत्र्याला स्क्रूने आवळा. हे होईपर्यंत कूलरमध्ये पाणी भरताना, ताट्या ओल्या करताना प्लग बाहेर, आणि लेकरांना तिकडे फिरकू देऊ नका.